ओळखा, हे अक्षर कोणत्या सरांचं?

शाळेचा जुना ग्रुप फोटो महाराष्ट्रात कुठेही पाहिला तरी ओळखीचा वाटतो. मध्ये खुर्च्या, खुर्च्यांवर गुरुजन, सगळ्यांचे हात मांडीवर. मागची रांग बाकांवर उभी. पुढे मांडी घालून बसलेली मुलं आणि त्यांच्यातल्या मधल्या मुलाच्या हातात पाटी, पाटीवर खडूनं लिहिलेली इयत्ता, तुकडी आणि साल. उन्हानं डोळे बारीक केलेले, कोणीतरी ऐन वेळी मान वळवलेली. असा एखादा फोटो नाशिक जिल्ह्यातल्या सटाण्याच्या शाळेनं आपल्या फेसबुक पानावर टाकावा आणि खाली एवढंच लिहावं, ‘यातला एक मुलगा आज आपल्याच शाळेत गणित शिकवतो. कोणता?’ मग काय होतं ते पाहण्यासारखं असतं. आधी मुलं उत्तरं देतात, मग पालक. मग नाशिक-पुण्याकडे नोकरीला गेलेला कोणी माजी विद्यार्थी लिहितो, ‘मागच्या रांगेत डावीकडून तिसरा मी.’

बहुतेक शाळांच्या पानांवर मात्र काय दिसतं? जयंती, पुण्यतिथी, पाहुण्यांचा सत्कार, शाल-श्रीफळ, प्रमाणपत्र हातात धरून उभी असलेली रांग. हे सगळं शाळेत होतच असतं, त्याची नोंदही हवी. पण असा फोटो पाहणाऱ्याला काही विचारत नाही, त्यामुळे पाहणाराही काही बोलत नाही. अंगठा दाखवून तो पुढे सरकतो, तोही बहुधा स्टाफपैकीच कोणीतरी. शाळेच्या समाजमाध्यमांवर माणसं बोलती व्हावीत असं वाटत असेल, तर फोटोनं प्रश्न विचारला पाहिजे आणि त्याचं उत्तर आपल्याच गावाला ठाऊक असलं पाहिजे. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांचे फोटो चॅलेंज, म्हणजे फोटोतून ओळखण्याचे खेळ, इथेच उपयोगी पडतात.

शिक्षकांचेच का, मुलांचे का नाहीत? एक कारण साधं आहे. मुलं दर वर्षी बदलतात, शिक्षक मात्र पिढ्यांना जोडतात. ज्या बाईंनी आईला मराठी शिकवलं त्याच बाई आज लेकीला शिकवत असतील, तर त्या बाईंचा एक फोटो एका घरातल्या दोन माणसांना बोलायला लावतो. दुसरं कारण सुरक्षेचं, आणि ते जास्त महत्त्वाचं. शिक्षक प्रौढ आहेत. आपला फोटो कुठे जावा हे ते स्वतः ठरवू शकतात, नको असेल तर नाही म्हणू शकतात. दुसरीतल्या मुलाला ते ठरवता येत नाही. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद केली आहे. शाळेच्या पानावर मोठ्यांचे चेहरे पुढे आणि लहानांचे मागे राहिले, तर शाळेची अर्धी काळजी तिथेच मिटते.

महाराष्ट्राच्या शाळांना फोटोचं वावडं कधीच नव्हतं, पण फोटो आले ते बहुतेक वेळा आदेशातून. नोव्हेंबर 2016 मध्ये शासन निर्णय निघाला की शिक्षकांनी दहा-दहा विद्यार्थ्यांच्या गटासोबत सेल्फी काढून शिक्षण विभागाच्या ‘सरल’ या ऑनलाइन प्रणालीवर टाकावी. शाळाबाह्य मुलं शोधून काढणं हा त्यामागचा हेतू होता. जानेवारी 2017 पासून अंमलबजावणी व्हायची होती. शिक्षकांनी विरोध केला, ग्रामीण भागातल्या नेटवर्कचा प्रश्न होताच, आणि निर्णयाला स्थगिती द्यावी लागली. 2022 मध्ये ‘आपले गुरुजी’ उपक्रमात वर्गावर्गात शिक्षकांचे ए-फोर आकाराचे रंगीत फोटो लावायला सांगितलं गेलं. वर्गात नेमलेलाच शिक्षक शिकवतो आहे ना, याची खात्री पटावी हा उद्देश होता. तेव्हाही शिक्षकांच्या मनाला ते लागलं. दोन्ही वेळा फोटो हा पुरावा म्हणून मागितला गेला. ज्या फोटोतून हजेरी तपासली जाणार आहे, त्यात माणूस मोकळेपणानं हसत नाही. म्हणून मुख्याध्यापकांनी पहिली गोष्ट सांभाळावी ती ही, की फोटो चॅलेंजचं परिपत्रक काढू नये. ‘सर्वांनी भाग घेणे अनिवार्य’ हे चार शब्द आले की खेळ संपतो आणि त्याचं काम होतं.

आपल्याच विद्यापीठाचं उदाहरण घ्या. 2023 मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठानं ‘मेरी माटी मेरा देश’ अभियानात मातीसोबतच्या सेल्फी मागवल्या. दहा लाखांहून अधिक फोटो जमले आणि ऑनलाइन छायाचित्र संग्रहाचा गिनीज विक्रम झाला. नाशिक जिल्ह्यातली महाविद्यालयं याच विद्यापीठाला जोडलेली आहेत. लाखो हात एका कामाला लावण्याची ती ताकद मोठीच होती. पण शाळेची गरज वेगळी असते. दहा लाख अनोळखी फोटोंपेक्षा गावातल्या दोनशे माणसांना ओळखता येणारा एक फोटो शाळेला जास्त मोलाचा आहे.

असे फोटो कोणते? सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात जास्त बोलता करणारा खेळ म्हणजे अक्षरओळख. सहा शिक्षकांनी फळ्यावर एकच वाक्य लिहायचं. वाक्य साधं असावं, पण त्यात ‘श’, ‘ल’, ‘ख’ आणि ‘ज्ञ’ असलेले शब्द हवेत, कारण माणूस ओळखू येतो तो याच अक्षरांवरून. ‘श’चा देठ कोणी लांब ओढतं, ‘ल’ची पाकळी कोणी मिटलेली ठेवतं, कोणाची शिरोरेषा उजवीकडे चढत जाते. कोणी प्रत्येक शब्दाखाली रेघ मारल्याशिवाय थांबत नाही. प्रत्येक ओळीला आकडा द्यावा, फोटो काढावा आणि विचारावं: तीन नंबरचं अक्षर कोणाचं? चेहरा दाखवायचा नसेल त्या शिक्षकालाही यात आनंदानं भाग घेता येतो. ज्यांनी या अक्षरावरून उतरवून घेतलं, ज्या अक्षरात आपल्या वहीवर ‘छान’ किंवा ‘पुन्हा लिही’ वाचलं, ती माणसं ते अक्षर पंधरा वर्षांनीही विसरलेली नसतात. या खेळात माजी विद्यार्थी आजच्या विद्यार्थ्यांना सहज मागे टाकतात, हे शाळांनी करून पाहावं.

डब्यांचा खेळही असाच. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या टेबलावर सगळे डबे उघडून ठेवायचे आणि वरून फोटो घ्यायचा. एकात कळण्याची भाकरी आणि ठेचा, एकात पोळी आणि शेवभाजी, एकात नुसता पोह्यांचा डोंगर. कोणता डबा कोणाचा? सटाण्याच्या बागलाण तालुक्यात निम्मी उत्तरं अहिराणीत आली तर ती तशीच राहू द्यावीत. शाळेनंही फोटोखाली ‘वळखा, हाई कोन शे?’ असं लिहायला संकोचू नये. घरात जी भाषा बोलली जाते तिच्यात शाळेनं एकदा हाक मारली, की प्रमाण मराठीत लिहायला बिचकणारी आजीसुद्धा नातवाला सांगून उत्तर टाइप करून घेते.

तिसरा खेळ थोड्या तयारीचा आहे. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत लॉस एंजलिसच्या गेटी संग्रहालयानं लोकांना आवाहन केलं, की घरातल्या वस्तू वापरून प्रसिद्ध चित्रं स्वतःवर उभी करा आणि फोटो पाठवा. मूळ कल्पना नेदरलँड्समधल्या एका इन्स्टाग्राम पानाची होती. पंचे, वाट्या, पडदे, पाळीव कुत्री वापरून लोकांनी जगभरातून चित्रं उभी केली. आपल्याकडे याला सोन्यासारखा कच्चा माल आहे, तो म्हणजे पाठ्यपुस्तकांतली चित्रं. 1967 मध्ये बालभारती स्थापन झाली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी तिचीच पुस्तकं पाहिली आहेत. शिक्षकांनी जुन्या मराठीच्या पुस्तकातलं एखादं चित्र निवडावं आणि उपरणं, टोपली, छत्री अशा हाताशी असलेल्या वस्तू घेऊन तसंच उभं राहावं. चाळिशीतल्या पालकाला तो धडा आठवतो, आणि आठवला की तो लिहितोच. फक्त पुस्तकाचं पान जसंच्या तसं छापून टाकू नये. आपण उभं केलेलं चित्र पुरेसं आहे.

जुन्या फोटोंच्या खेळाला मुहूर्त शोधायचा तर 19 ऑगस्ट हा जागतिक छायाचित्रण दिन आहे. 1839 मध्ये याच तारखेला डागेरोटाइपची कृती पॅरिसमध्ये जाहीर झाली होती. पाठोपाठ 5 सप्टेंबरचा शिक्षक दिन येतो. 3 जानेवारी म्हणजे सावित्रीबाईंची जयंती आणि 27 फेब्रुवारी म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. मार्गशीर्षात सटाण्यात देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा भरते, रथ निघतो, बाहेरगावी गेलेला सटाणेकर त्या दिवसांत घरी आलेला असतो. दुष्काळात सरकारी खजिना लोकांसाठी उघडणाऱ्या मामलेदाराचं मंदिर बांधणारं हे गाव आहे. आपल्या कामाला आलेला नोकरदार माणूस इथे विसरला जात नाही. यात्रेच्या आठवड्यात ‘निवृत्त झालेले आपले गुरुजी’ अशी फोटोंची मालिका लावली, तर गावात आलेली माणसं ती पाहतील आणि गुरुजींच्या घरीही जाऊन येतील.

एक गोष्ट सातत्याची. अमेरिकेतल्या डॅलसमध्ये डेल अर्बी नावाचे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. शाळेच्या वार्षिक अंकात छापायच्या फोटोसाठी पहिल्या वर्षी त्यांनी जो शर्ट आणि तपकिरी बिनबाह्यांचा स्वेटर घातला, तोच दुसऱ्या वर्षीही चुकून घातला गेला. त्यांना फार ओशाळल्यासारखं झालं. पत्नीनं मात्र पैज लावली, तिसऱ्या वर्षीही तोच घालून दाखवा. मग ते थांबलेच नाहीत. 2013 मध्ये निवृत्त होईपर्यंत चाळीस वर्षं त्याच कपड्यांत त्यांचा फोटो निघाला. केस पांढरे होत गेले, चष्मे बदलले, स्वेटर तोच राहिला. ते फोटो ओळीनं लावले तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी छापले. त्यांनी कोणतंही तंत्र वापरलं नव्हतं, खर्च केला नव्हता. आपल्याकडच्या शाळेनं दर वर्षी जूनमध्ये, शाळा सुरू होण्याच्या दिवशी, त्याच पायरीवर, त्याच क्रमानं स्टाफचा एक फोटो काढला, तर पाचव्या वर्षी शाळेच्या हातात असं काही असेल जे विकत मिळत नाही.

चॅलेंज एका शाळेतून दुसरीकडे कसं पसरतं, हे 2014 च्या आइस बकेट चॅलेंजनं दाखवलं. बर्फाचं पाणी डोक्यावर ओतून घ्यायचं आणि पुढच्या तिघांची नावं घ्यायची. नाव घेतलेला माणूस सहसा मागे हटत नाही. त्याच वर्षी हैदराबादच्या मंजूलता कलानिधी यांनी त्याचं भारतीय रूप केलं: पाणी ओतायचं नाही, गरजूला बादलीभर तांदूळ द्यायचे. परकी कल्पना आपल्या मातीत कशी रुजवावी याचा तो चांगला धडा आहे. सटाण्याच्या शाळेनं डब्यांचा फोटो टाकून नामपूरच्या, ताहाराबादच्या आणि मुल्हेरच्या शाळांना आव्हान द्यावं. सहल साल्हेरला गेली, तर 1567 मीटर उंचीवर, महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच किल्ल्यावर, स्टाफचा फोटो काढून शेजारच्या तालुक्याला विचारावं, तुमच्याकडे कोण चढलं? जुलै 2025 मध्ये साल्हेर जागतिक वारसा यादीत गेला आहे. त्या फोटोला त्याचंही निमित्त आहे. फक्त कड्यावर, बुरुजाच्या टोकावर उभं राहून फोटो काढू नये. शिक्षक जे करतात ते मुलं दुसऱ्या दिवशी करतात.

आता नियमांकडे, कारण इथे चूक झाली तर ती महागात पडते. महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागानं 28 जुलै 2025 रोजी कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबद्दल शासन निर्णय काढला आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांचे कर्मचारीही त्यात येतात, म्हणजे जिल्हा परिषद आणि नगरपरिषद शाळांच्या शिक्षकांनी तो वाचलाच पाहिजे. वैयक्तिक आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवायचं, वैयक्तिक खात्यावरच्या फोटोत किंवा रीलमध्ये शासकीय बोधचिन्ह, गणवेश, वाहन, इमारत दाखवायची नाही, स्वतःची भलामण करायची नाही, बदली झाली की कार्यालयीन खातं रीतसर सोपवायचं, असा त्याचा रोख आहे. त्यामुळे शाळेतलं फोटो चॅलेंज शाळेच्या अधिकृत पानावरच जावं, वरिष्ठांच्या परवानगीनं जावं. कोणा उत्साही सरांच्या स्वतःच्या इन्स्टाग्रामवर नको. खातं शाळेच्या नंबरवर आणि ई-मेलवर उघडावं, पासवर्ड मुख्याध्यापकांकडे लेखी असावा. सरांची बदली झाली आणि शाळेचं पान त्यांच्यासोबत गेलं, असं कितीतरी ठिकाणी होतं.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय मांडून ठराव घ्यावा. या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांनी मान्य केलेल्या गोष्टीबद्दल पुढे गैरसमज होत नाहीत. फोटो परिपाठाच्या आधी किंवा मधल्या सुट्टीत काढावेत, तासाच्या वेळेत कधीही नाही. ऑनलाइन माहिती भरण्याचं ओझं शिक्षकांवर आधीच पुष्कळ आहे, त्यामुळे महिन्याला एक खेळ पुरे.

संमती प्रत्येक वेळी विचारावी, आणि ती गटात न विचारता एकेकट्याला विचारावी. सगळ्यांसमोर ‘नाही’ म्हणणं अवघड जातं, विशेषतः नव्यानं रुजू झालेल्या शिक्षिकेला. साडी कोणाची छान, कोण तरुण दिसतं, अशा दिसण्याच्या स्पर्धा शाळेनं भरवूच नयेत. 2020 च्या सप्टेंबरात ‘कपल चॅलेंज’ची लाट आली होती, तेव्हा पुणे पोलिसांनी जाहीरपणे बजावलं होतं, की जोडीदारासोबतचा फोटो टाकण्याआधी दोनदा विचार करा, त्याचा गैरवापर होऊ शकतो. आज चेहरा उचलून दुसऱ्या चित्रावर बसवणं तेव्हापेक्षाही सोपं झालं आहे. म्हणून अक्षरं, डबे, खडूनं माखलेले हात, खुंटीला टांगलेली हेल्मेट असे खेळ आधी खेळावेत आणि चेहऱ्यांचे मोजके ठेवावेत. गाडीचा फोटो असेल तर नंबरप्लेट झाकावी. मागच्या भिंतीवर हजेरीपट, मुलांची नावं, फोन नंबर दिसत नाहीत ना हे टाकण्याआधी बोटांनी मोठं करून पाहावं. जुन्या ग्रुप फोटोतली माणसं आज मोठी झाली असली तरी त्यांची नावं शाळेनं लिहू नयेत. ज्याला सांगायचं तो स्वतः सांगेल. कोणी ‘फोटो काढून टाका’ म्हटलं तर वाद न घालता त्याच दिवशी काढून टाकावा.

फोटो कुठे टाकायचा, हाही प्रश्न आहे. बागलाणातल्या पालकाचा फोन सकाळी उघडतो तो कांद्याचा भाव पाहायला, आणि तो भाव व्हॉट्सॲपवर येतो. म्हणून व्हॉट्सॲपला वगळून चालणार नाही. व्हॉट्सॲप चॅनेलवर एका पालकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही, ही मोठी सोय आहे, पण तिथे गप्पा होत नाहीत. म्हणून चॅनेलवर मतदानाचा पर्याय वापरून ‘कोणाचा डबा?’ विचारावं आणि गप्पांसाठी फेसबुक पानाचा दुवा द्यावा. बाजार, दूध, जेवण आटोपल्यावर, रात्री आठच्या सुमारास माणसं निवांत असतात. उत्तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी द्यावं, लगेच नाही. तालुक्याच्या पश्चिम भागातल्या गावांत नेटवर्क तुटक असतं, तिथे जड व्हिडिओपेक्षा एक हलका फोटो लवकर पोहोचतो.

फोटो काढायला महाग फोन लागत नाही. भिंग रुमालानं पुसावं, सकाळच्या उजेडात व्हरांड्यात उभं राहावं, उजेड चेहऱ्यावर घ्यावा, पाठीशी नाही.

फळ मिळालं की नाही ते अंगठे मोजून कळत नाही. एक साधी वही घ्यावी. किती जणांनी आठवण लिहिली, किती माजी विद्यार्थी पहिल्यांदाच बोलले, कोणी वाचनालयासाठी पुस्तकं देऊ केली, किती पालकांनी शाळेत आल्यावर ‘तो डबा तुमचाच ना?’ असं विचारलं, ते लिहून ठेवावं. नाशिक जिल्ह्यातल्याच त्र्यंबकेश्वर तालुक्यातली हिवाळीची जिल्हा परिषद शाळा लोकांपर्यंत पोहोचली ती दोन्ही हातांनी लिहिणाऱ्या, मोठमोठे पाढे म्हणणाऱ्या मुलांमुळे. मोबाइलनं ते फक्त गावाबाहेर नेलं. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेनं 2025 मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवर ठरणारा पुरस्कार मिळवला. मतं मिळवायला आधी लोक शाळेशी जोडलेले असावे लागतात. ती ओळख अशाच लहान लहान गप्पांतून जुळत जाते.

आपल्या शाळेत सुरुवात करायची असेल, तर पहिला फोटो शिपाईमामांचा घ्या. काही शिक्षक येतात आणि बदलून जातात, पण घंटा वाजवणारा हात शाळेतल्या प्रत्येक तुकडीनं पाहिलेला असतो. मामांची परवानगी घ्या, घंटेवर टेकलेला त्यांचा नुसता हात दाखवा आणि खाली लिहा, ‘हा हात कोणाचा?’ पुढच्या महिन्यात पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना विचारा.